पॉझिटिव्ह म्हणजे नक्की काय? पेशींचे उतारे मोजण्याची गोष्ट

बचत गटाच्या बैठकीत हिशोब संपला, वह्या मिटल्या की खरे प्रश्न बाहेर येतात, हे तुम्हालाही माहीत आहे. कुडपणच्या एका बैठकीत असाच प्रश्न आला. एका ताईंच्या नणंदेच्या छातीत गाठ निघाली होती. मुंबईला तुकडा काढून तपासला आणि कागदावर लिहून आलं, ‘ई.आर. पॉझिटिव्ह’. गाठ कर्करोगाची आहे हे घरच्यांना आधीच कळलं होतं, पण हा ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून त्यांना वाटलं, आता वरून कसली तरी लागणही झाली. कोरोनाच्या दोन वर्षांत हा शब्द आपल्या हाडात भिनलाय. पॉझिटिव्ह म्हणजे वेगळी खोली, वेगळं ताट. त्या घरातही तेच झालं. बाईचं ताट-तांब्या वेगळा निघाला, नातवंडांना जवळ जायची बंदी झाली.

त्या ताईंनी आम्हाला विचारलं, ‘हे पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्हच का?’ याचं एका वाक्यातलं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते आम्ही तिथल्या तिथे दिलंसुद्धा. पण नुसत्या ‘नाही’नं भीती जात नाही. डॉक्टरांनी त्या गाठीत काय मोजलं, ते मोजायची कला कुठून आली, हे कळलं तर कागद वाचताना हात कापत नाहीत. म्हणून आजच्या भागात आम्ही ती गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट थोडी लांबची आहे. त्यात गाई आहेत, उंदीर आहेत, गरम पाण्याची कुंडं आहेत आणि पुण्या-मुंबईच्या दोन बायकाही आहेत.

आधी दप्तराचं समजून घेऊ. आपलं शरीर कोट्यवधी बारीक पेशींचं बनलेलं आहे. जवळपास प्रत्येक पेशीत एकच दप्तर असतं. त्याला डीएनए म्हणतात. त्या दप्तरातली एकेक नोंद म्हणजे जनुक, डॉक्टरांच्या भाषेत जीन. डोळ्याच्या पेशीतही तेच दप्तर आणि पोटाच्या पेशीतही तेच. मग डोळा पाहतो आणि पोट पचवतं, असं का? कारण प्रत्येक पेशी सगळं दप्तर वाचत नाही. जी नोंद कामाची, तिचाच उतारा काढते.

तलाठ्याच्या दप्तराचंच घ्या ना. मूळ दप्तर कोणी घरी नेत नाही. आपल्याला कर्ज काढायचं असेल, वारसनोंद करायची असेल, तर सातबाऱ्याचा उतारा काढतो आणि तो घेऊन पुढच्या कामाला लागतो. (उतारा म्हणजे इथे कागदाचा हं, तिठ्यावर ठेवतात तो दहीभाताचा नव्हे.) पेशीतही मूळ दप्तर जागचं हलत नाही. जनुकाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. त्या उताऱ्यावरून पेशी प्रथिनं बनवते, आणि ती प्रथिनंच शेतावरचं खरं काम करतात. एखाद्या गावात एकाच गट नंबरचे ढिगानं उतारे निघायला लागले, तर आपण काय ओळखतो? त्या जमिनीचं काहीतरी चाललंय. शास्त्रज्ञही तेच ओळखतात. कोणत्या जनुकाचे उतारे किती निघाले, किंवा त्यावरून प्रथिन किती बनलं, हे मोजलं की पेशी सध्या कशात गुंतली आहे ते कळतं.

हे आपण बायकांनी स्वतःच्या अंगावर पाहिलंय. बाळंतपणाआधी छातीत दूध नसतं, बाळ झालं की पान्हा फुटतो. पेशी त्याच, दप्तर तेच. फक्त दुधातल्या प्रथिनांच्या नोंदी बंद होत्या, त्या उघडल्या. त्या उघडायचा हुकूम रक्तातून येतो. त्या हुकमाला हार्मोन म्हणतात.

अंडाशय आणि छाती यांचं काही नातं आहे, हा सुगावा डॉक्टरांना गुरंढोरं पाळणाऱ्यांकडून लागला. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला जॉर्ज बीटसन नावाचे डॉक्टर होते. दूध कसं तयार होतं यावर त्यांनी तरुणपणी अभ्यास केला होता. काही देशांत गाईचं दूध आटू नये म्हणून शेतकरी तिची अंडाशयं काढून टाकतात, हे त्यांच्या कानावर होतं. त्यांनी विचार केला, अंडाशयाचा छातीवर एवढा अंमल चालतो, तर छातीतल्या कर्करोगावरही चालत असेल. 1896 मध्ये त्यांनी छापून कळवलं की अंडाशयं काढल्यावर स्तनाच्या कर्करोगाच्या बाईची गाठ आक्रसली. पुढे इतर डॉक्टरांनीही तसंच केलं, पण गुण येई तो काहीच बायकांना. साधारण तिघींतल्या एकीला. बाकीच्या दोघींच्या पोटाची चिरफाड फुकट. कोणत्या बाईला उपयोग होईल हे आधी ओळखायचं काही साधनच नव्हतं. ही चिरफाड साठ-सत्तर वर्षं अशीच अंदाजानं चालली, हे वाचताना आम्हाला खरंच वाईट वाटलं.

साधन येण्याआधी समज यावी लागली. ती आली पॅरिसमध्ये, अगदी साध्या जंतूंकडून. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो हे दोघे आपल्या आतड्यात असतो तसल्या एका जंतूवर प्रयोग करत होते. त्याला दुधातली साखर दिली की ती फोडणारं प्रथिन तो बनवू लागे. साखर नसली की बनवत नसे. पाहुणे यायचे नसतील तर आपण दहा भाकऱ्या जास्तीच्या थापत नाही, तसंच. जनुकांना चालू-बंद करणारी बटणं असतात, हे त्यांनी 1961 मध्ये मांडलं. दप्तर आणि काम यांच्यामध्ये ‘उतारा’ फिरतो, हेही त्याच वर्षी प्रयोगातून सिद्ध झालं. त्यांना 1965 चं नोबेल मिळालं.

आता मुंबईला येऊ, कारण याच काळात परळला आपली एक बाई पेशींवर काम करत होती. कमल रणदिवे. माहेरच्या कमल समर्थ. जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, असं त्यांच्या मनात होतं. कमलताईंनी लग्न केलं गणितज्ञाशी, 1939 मध्ये, आणि पुढचं शिक्षण लग्नानंतर केलं. 1943 मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या, विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी. मग मुंबईला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी 1949 मध्ये पीएच.डी. केली. तिथून अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत. माणसाच्या अंगातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या, हे शास्त्र त्या तिथे शिकल्या. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातली ती पहिली असं मानतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच गे यांच्या प्रयोगशाळेत 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब, काळ्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभरातल्या प्रयोगशाळांत वाढताहेत, कितीतरी औषधं आणि लसी त्यांच्यावर तपासल्या गेल्या. ती बाई त्याच वर्षी वारली, वय 31. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि घरच्यांना वीस वर्षांहून जास्त काळ पत्ता नव्हता. आता कायदे-नियम बदललेत. नमुना संशोधनासाठी वापरायचा असेल तर विचारावं लागतं, सही घ्यावी लागते. म्हणून दवाखान्यात सही मागितली की घाबरू नका, पण कशाची सही आहे ते मात्र विचारा. विचारणं हा उद्धटपणा नाही.

कमलताईंनी उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावर काम केलं. उंदरांमध्ये हा रोग करणारा एक विषाणू असतो आणि तो आईच्या दुधातून पिल्लांत जातो. (हे उंदरांचं आहे, मैत्रिणींनो. आपल्या दुधाला काही दोष नाही, बाळाला बिनधास्त पाजा.) पण विषाणू गेला म्हणून प्रत्येक उंदरीला गाठ होत नाही. हार्मोन आणि विषाणू यांचा एकमेकांशी मेळ कसा बसतो, त्यावर बरंच ठरतं, हे सुरुवातीला दाखवून देणाऱ्यांत कमलताई होत्या. 1973 मध्ये त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना काढली, 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या खाण्यापिण्याची त्यांनी पाहणी केली. प्रयोगशाळेतली बाई आणि वाडीवरची बाई यांच्यात अंतर असतंच असं नाही, हे आम्हाला त्यांच्याकडे बघून वाटतं. 2001 मध्ये त्या गेल्या. त्या संस्थेची पुढची पिढी म्हणजे टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे केंद्र, आणि ते आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, खारघरला.

आता त्या ‘ई.आर.’कडे वळू. अमेरिकेत शिकागोला एलवूड जेन्सन नावाच्या शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी एक युक्ती केली. ईस्ट्रोजेन म्हणजे बाईच्या अंगातलं मुख्य हार्मोन. त्याला त्यांनी किरणोत्सर्गी खूण लावली आणि उंदरांना टोचलं. गुराच्या कानाला बिल्ला लावून सोडतात आणि ते कुठे जातं बघतात, तसं. ते हार्मोन सगळ्या अंगात फिरलं, पण जाऊन थांबलं गर्भाशयासारख्या मोजक्या जागी. म्हणजे त्या जागच्या पेशींत हार्मोनला धरून ठेवणारं काहीतरी आहे. हार्मोन ही किल्ली धरली, तर पेशीत तिचं कुलूप आहे. त्या कुलपाला म्हणतात ईस्ट्रोजेन रिसेप्टर. कागदावरचं ‘ई.आर.’ ते हेच.

मग कोडं सुटलं. ज्या बाईच्या गाठीतल्या पेशी हे कुलूप भरपूर बनवतात, तिची गाठ हार्मोनच्या हुकमावर वाढते. तिथे हुकूम तोडला की गाठीची उपासमार होते. ज्या गाठीत कुलूपच नाही, तिथे हार्मोन अडवून उपयोग नाही. बीटसनच्या तिघींतली ती एक कोण, हे आता आधी सांगता येऊ लागलं. ‘ई.आर. पॉझिटिव्ह’ म्हणजे ‘या गाठीत कुलूप सापडलं’. लागण नाही, संसर्ग नाही, ताट वेगळं करायचं काही कारण नाही. रोग हा रोगच आहे, शस्त्रक्रिया वगैरे करावीच लागते. पण गाठीला धरायला एक मूठ मिळाली, एवढा त्याचा अर्थ. कुडपणच्या त्या घरी हे कळल्यावर नातवंडं पुन्हा आजीच्या पांघरुणात शिरली, असं ताईंनी नंतर सांगितलं.

सुरुवातीला हे मोजायला गाठीचा बराच मोठा, गोठवून ठेवलेला तुकडा लागायचा. आता बारीक तुकडा पुरतो. तो मेणात बसवतात, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात आणि काचेवर ठेवून त्यावर असं द्रावण घालतात, की जिथे कुलूप असेल तिथे तपकिरी रंग चढतो. मग डॉक्टर दुर्बिणीतून बघतात, शंभर पेशींत किती तपकिरी. आजच्या नियमानं शंभरात एक जरी तपकिरी असली तरी पॉझिटिव्ह लिहितात. म्हणून नुसतं पॉझिटिव्ह वाचून थांबू नका, पुढे किती टक्के लिहिलंय तेही डॉक्टरांना विचारा. पाच टक्के आणि नव्वद टक्के यांत फरक आहे.

कुलूप अडवायची गोळी कशी आली, तेही ऐकण्यासारखं आहे. 1962 मध्ये इंग्लंडच्या एका औषध कंपनीत डोरा रिचर्डसन या बाईंनी एक रसायन तयार केलं. पाळणा लांबवायची गोळी शोधायचा उद्देश होता. तो साधला नाही, उलट त्यानं बायकांना दिवस राहायला मदत होते असं दिसलं! पण हे रसायन ईस्ट्रोजेनच्या कुलपात जाऊन बसतं आणि छातीच्या पेशीत खऱ्या किल्लीला शिरू देत नाही, हे लक्षात आलं. 1971 मध्ये मँचेस्टरच्या रुग्णालयातून चांगले निकाल छापून आले, 1973 मध्ये ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली. तीच टॅमॉक्सिफेन. साधारण पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त, रोज घ्यावी लागते. पाळी गेलेल्या बायकांना बऱ्याचदा दुसऱ्या जातीची गोळी देतात. आणि एक घरचा दाखला सांगतो. आशाताई आपल्याला आठवड्याची ‘छाया’ गोळी देतात ना, पाळणा लांबवायची? ती लखनौच्या सरकारी संस्थेत शोधली गेली, 1991 मध्ये ‘सहेली’ नावानं बाजारात आली. तीही याच कुलपावर काम करते. टॅमॉक्सिफेनची चुलत बहीणच म्हणा. अर्थात एकीच्या जागी दुसरी घ्यायची नाही, दोघींची कामं वेगळी.

आतापर्यंत सांगितलं ते शेतावरचं काम, म्हणजे प्रथिन, मोजण्याचं. उतारे मोजणं त्याहून अवघड होतं. आरएनए फार नाजूक. पेशीतून बाहेर काढला की पावसात भिजलेल्या कागदासारखा विरघळायला लागतो, आणि तो असतो तरी किती, चिमूटभरही नाही. 1977 मध्ये स्टॅनफर्डच्या तिघांनी तो कागदासारख्या पडद्यावर उमटवून मोजायची पद्धत काढली. तिचं नाव ‘नॉर्दर्न’, म्हणजे उत्तरेकडची. का, तर त्याआधी डीएनए उमटवायची पद्धत काढली होती एडविन सदर्न नावाच्या गृहस्थांनी, त्यांचं आडनाव पडलं दक्षिणेचं, म्हणून ही उत्तरेची! शास्त्रज्ञही अशा गमती करतात. पण या पद्धतीला आरएनए खूप लागायचा आणि एका वेळी एकाच जनुकाचं काम व्हायचं.

खरा तोडगा दोन शोधांच्या जोडीतून निघाला. पहिला 1970 चा. हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी, आणि वेगळं राहून डेव्हिड बाल्टिमोर यांनी, काही विषाणूंत असं प्रथिन शोधलं, जे उताऱ्यावरून परत दप्तराची प्रत लिहितं. उलटी लिखावट. कमलताई ज्या उंदरांच्या विषाणूवर काम करत होत्या, तोही याच उलटं लिहिणाऱ्या जातीचा. नाजूक आरएनएची अशी टिकाऊ डीएनए प्रत करता आली, म्हणजे भिजका कागद लॅमिनेट करून घेतल्यासारखं झालं.

दुसरा शोध 1983 चा, कॅरी मुलिस यांचा. डीएनएची प्रत तापवायची, थंड करायची, पुन्हा तापवायची. प्रत्येक फेरीत एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. सावकाराचं व्याज ज्यांनी फेडलंय त्यांना दुपटीचा हिशोब वेगळा सांगायला नको. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. पण इतकं तापवलं की लिहिणारं प्रथिन करपतं. ते न करपणारं मिळालं गरम पाण्याच्या कुंडातून. महाडजवळ सवला जसे गरम पाण्याचे झरे आहेत, तसे, पण त्याहून कितीतरी कढत झरे अमेरिकेत यलोस्टोनला आहेत. तिथल्या पाण्यात आरामात राहणारा जंतू शास्त्रज्ञांना 1960 च्या दशकात सापडला होता, आणि त्यातलं हे चिवट प्रथिन 1976 मध्ये ॲलिस चिएन या विद्यार्थिनीनं आणि तिच्या सोबत्यांनी वेगळं काढलं होतं. कुंडात खदखदणारा जंतू पुढे घरोघर पोचेल, असं तेव्हा कोणाला वाटलं असेल?

मग 1990 च्या दशकात प्रती वाढताना उजेड पडेल अशी सोय झाली. यंत्र प्रत्येक फेरीला उजेड बघतं. सुरुवातीला उतारे जास्त असतील तर दिवा लवकर लागतो, कमी असतील तर उशिरा. एका नमुन्याचा दिवा 20 व्या फेरीला लागला आणि दुसऱ्याचा 25 व्या, तर पाच फेऱ्यांचा फरक, म्हणजे पाच वेळा दुप्पट. पहिल्यात 32 पट जास्त उतारे होते. या फेरीच्या आकड्याला ‘सीटी व्हॅल्यू’ म्हणतात. कोरोनात गोंधळ काय झाला, तर छातीच्या स्कॅनलाही सीटी म्हणतात आणि त्याचाही ‘स्कोर’ यायचा. स्कॅनचा आकडा जास्त तर वाईट. फेरीचा आकडा कमी, तर विषाणू जास्त. वाडीवाडीवर लोकांनी हे दोन आकडे एकमेकांत मिसळले, यात त्यांचा दोष नव्हता.

हो, नाकात काडी घालून केलेली ती ‘आरटीपीसीआर’ म्हणजे हीच पद्धत. आरटी म्हणजे उलटी लिखावट, पीसीआर म्हणजे दुप्पट करणं. कोरोनाच्या विषाणूचं मूळ दप्तरच आरएनएचं असतं, म्हणून तीच युक्ती तिथे चालते. बऱ्याच किटमध्ये आपल्या स्वतःच्या एका जनुकाचीही तपासणी असते. काडी नीट फिरली का, आपल्या पेशी आल्या का, हे त्यावरून कळतं.

देशातला पहिला रुग्ण 30 जानेवारी 2020 ला केरळात सापडला, तो नमुना तपासला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं. तेव्हा तपासणीची किट बाहेरून येत. पुण्याच्या मायलॅब कंपनीत मीनल दाखवे-भोसले या विषाणूतज्ज्ञ बाई संशोधनाच्या प्रमुख होत्या. दिवस भरत आलेले, त्यात त्रास होऊन दवाखान्यात राहून आलेल्या. तरी फेब्रुवारीत त्यांनी काम हाती घेतलं. जे काम व्हायला तीन-चार महिने लागतात ते त्यांच्या गटानं सहा आठवड्यांत केलं. एकच नमुना दहा वेळा तपासला तर दहाही वेळा तोच निकाल यायला हवा, हा त्यांचा आग्रह. 18 मार्चला किट विषाणू संस्थेकडे तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. ते किट मंजूर झालेलं पहिलं भारतीय किट ठरलं, आणि खर्च परदेशी किटच्या जवळपास चौथ्या हिश्श्यात आला. पेपरांनी तेव्हा ‘बाळ आणि किट दोन्ही’ असं खूप कौतुकानं छापलं. आम्हाला मात्र त्या दहा वेळा तपासण्याचं कौतुक जास्त वाटतं. कारण चुकीचा कागद हातात पडला तर काय होतं, ते आपण भोगलंय.

तीच उतारे मोजायची पद्धत आज स्तनाच्या कर्करोगातही वापरतात. 2004 पासून अमेरिकेत एक तपासणी आहे, ती गाठीतल्या 21 जनुकांचे उतारे मोजते. 16 कामाची आणि 5 मापाची. मापाची म्हणजे जी सगळ्याच पेशींत साधारण सारखी चालू असतात ती, तुलनेला. पायलीशिवाय भात मोजता येत नाही ना, तसं. त्यावरून आकडा येतो की या बाईला केमोची खरंच गरज आहे का. 2018 मध्ये दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासातून दिसलं, की कुलूप असलेली, काखेतल्या गाठींत न पसरलेली आणि मधल्या आकड्याची गाठ असलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांना केमोशिवाय, नुसत्या गोळीवर तितकंच चांगलं राहता येतं. केस जाणं, उलट्या, महिनोन्‌महिने कामाला न जाता येणं, हे सगळं त्यांचं वाचू शकतं. अडचण पैशांची, ही तपासणी लाखांच्या घरात जाते. बंगळूरला डॉ. मंजिरी बाक्रे यांनी सुरू केलेल्या कंपनीनं आपल्याकडच्या बायकांसाठी दुसरी तपासणी काढली, ती उताऱ्यांऐवजी पाच प्रथिनं रंगवून मोजते. ती तुलनेनं स्वस्त आहे. तरी आमच्या मते अशा तपासण्या सरकारी दवाखान्यात मिळत नाहीत तोवर डोंगरावरच्या बाईला त्या असून नसल्यासारख्याच.

पण तपकिरी रंगाची ती साधी तपासणी, ती मात्र प्रत्येकीची व्हायलाच हवी. तिच्याशिवाय उपचार सुरू करणं म्हणजे पुन्हा बीटसनच्या काळात जाणं. कागदावर साधारण तीन नावं दिसतील. ई.आर. आणि पी.आर. ही हार्मोनची कुलपं. तिसरं ‘हर-टू’, त्याला 0 पासून 3 पर्यंत गुण देतात. 3 असेल तर त्याच्यासाठी वेगळं इंजेक्शन आहे, 2 असेल तर आणखी एक तपासणी करून नक्की करतात. तिन्ही निगेटिव्ह आलं तर कोणी पेढे वाटू नका, तसंच ‘आता काही उपाय नाही’ असंही धरू नका. तिथे या गोळ्या चालत नाहीत, केमोवर भर असतो, आणि उपचार लवकर सुरू करावे लागतात.

दोन गोष्टी कामाच्या. सुई घातली की गाठ पसरते, ही भीती आपल्याकडे फार आहे. स्तनाच्या गाठीबाबत तिला आधार नाही, आणि सुईनं तुकडा काढल्याशिवाय यातलं काहीच मोजता येत नाही. तुकडा काढला की तो ताबडतोब औषधाच्या पाण्यात, फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. तो तसाच बाटलीत राहिला, गाडीतून उन्हात गेला, तर पेशीतलं कुलूप नासतं आणि असलेली गाठ नसल्यासारखी दिसते. बाटलीत पाणी आहे ना, नाव बरोबर लिहिलंय ना, एवढं सोबतच्या माणसानं बघायला काही शिक्षण लागत नाही.

आणि तो मेणाचा ठोकळा. दवाखान्यात त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. महाडला तपासून पुढे परळला किंवा खारघरला जायचं झालं तर रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि काचाही मागून घ्या. त्यासाठी अर्ज लिहून द्यावा लागतो, कधी थोडे पैसे भरावे लागतात. ब्लॉक सोबत असेल तर तिथले डॉक्टर त्याचेच नवे काप काढून पुन्हा तपासू शकतात, बऱ्याचदा बाईला दुसऱ्यांदा सुई घ्यावी लागत नाही. नेताना रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा आणि डबा एसटीच्या इंजिनाजवळ ठेवू नका. मेणच ते, उन्हाळ्यात वितळतं.